खाडीकाठच्या गावात दर्यावर्दी संग्रहालय: आधी वही, मग खोली

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातल्या सात-आठ जणांना जुन्या शाळेची एक खोली मिळाली आहे. त्यांच्याकडे एक लोखंडी नांगर, फतेमारीचं (शिडाच्या मालवाहू गलबताचं) सुकाणू, बोटीवर नोकरी केलेल्या आजोबांचे फोटो आणि जाळ्यात वर आलेला गंजका, बहुधा तोफेचा, लोखंडी गोळा एवढं जमलं आहे. वाडीतली एक मोडकी होडीही एक जण द्यायला तयार आहे. गावाच्या सागरी इतिहासाचं छोटं संग्रहालय करायचं आहे, पगारी माणूस ठेवता येणार नाही. काय गोळा करावं, ते कसं टिकवावं, इतिहास शोधायचा कुठे आणि परवानग्यांचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

अशाच एका छोट्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या संग्रहालयात मी अठरा वर्षं रविवारी जातो. त्यातून जे कळलं ते सांगतो. क्रम तुमच्या प्रश्नांपेक्षा वेगळा आहे, कारण माझ्या मते तुम्ही विचारलेल्या पहिल्या प्रश्नाच्याही आधी एक काम आहे.

ते काम म्हणजे गावातली म्हातारी माणसं. शिडाच्या गलबतावर प्रत्यक्ष काम केलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. बोटींना मशीन बसलं तेव्हा जे वीस-पंचवीस वर्षांचे होते, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नांगर आणखी पन्नास वर्षं अंगणात पडून राहिला तरी नांगरच राहील. तो कसा टाकायचे, कोणत्या तळाला धरायचा, कुठे घसरायचा हे सांगणारा माणूस मात्र पुढच्या पावसाळ्यानंतर असेलच याची खात्री नाही. म्हणून खोलीला रंग द्यायच्या आधी वही आणि मोबाइलचा रेकॉर्डर घेऊन बाहेर पडा.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. सुरुवातीच्या काळात एका घरातून शिशाचा एक लांबट ठोकळा मिळाला. साधारण वीतभर, मुसळासारखा, वरच्या टोकाला भोक. आमच्यातल्या एकाने वहीत लिहिलं: 'वजन, बहुधा तराजूचं.' दोन वर्षं तो त्याच नावाने कपाटात होता. एके दिवशी एक निवृत्त तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख, आले. त्यांनी तो उचलला, उलटा केला आणि बुडाशी असलेल्या खळग्यात अंगठा घातला. आम्ही तो खळगा कधी पाहिलाच नव्हता, पाहिला असला तरी घाव समजलो होतो. ते म्हणाले, "ह्यात चरबी भरायची. दोरीनं खाली सोडला की पाणी किती ते कळतं, आणि तळ चरबीला चिकटून वर येतो." मग ते अर्धा तास बोलत राहिले. काळा मऊ चिखल आला की खाडीचं तोंड जवळ. शिंपल्यांचा चुरा आला की अमुक बंदराच्या बाहेर. जाड वाळू आली की आणखी वर सरकायला हवं. रात्री दिसत नसे, तेव्हा ते बोटांत चोळून ओळखायचे. सगळ्या किनाऱ्याचा तळ त्या माणसाच्या बोटांत होता. आम्ही पाच पानं लिहून घेतली. पुढच्या वर्षी ते गेले. आज आमच्या खोलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तो ठोकळा आणि ती पाच पानं, दोन्ही मिळून आहे. ठोकळा एकटा भंगारात तीन-चार किलो शिसंच आहे.

तेव्हा मुलाखत घेताना "तुमच्या आठवणी सांगा" असं विचारू नका. माणूस गोंधळतो, किंवा जे सगळ्यांना सांगतो तेच सांगतो. वस्तू त्याच्या हातात द्या. वस्तू नसेल तर त्याला धक्क्यावर घेऊन जा आणि तिथे विचारा. हात चालू लागले की शब्द आपोआप येतात. ते शब्द जसेच्या तसे लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. पठाण (तळाचा मुख्य वासा), वांक (होडीची बरगडी), नाळ (पुढचं टोक), परभाण (शिडाचा आडवा वासा), डोलकाठी हे होडीच्या अंगांचे शब्द गावागावात थोडे बदलतात, आणि तो बदलच इतिहास आहे. नाखवा हा शब्द फारसी 'नाखुदा'वरून आला, सारंग (खलाश्यांचा मुकादम) 'सरहंग'वरून, मालीम (जहाजाची वाट ठरवणारा) अरबी 'मुअल्लिम'वरून. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराब या लढाऊ गलबताचं नावही अरबीतलं, त्याचा मूळ अर्थ कावळा. तुमच्या गावातला एखादा म्हातारा जो शब्द सहज बोलून जातो तो बसरा-मस्कतच्या वाऱ्याबरोबर आलेला असू शकतो.

भरतीचा हिशोब असाच विचारा. आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याला हा आडाखा बऱ्यापैकी जुळतो, कारण भरती रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते. तुमच्या खाडीत आत शिरताना त्यात किती भर घालायची हे गावातल्या कुणाला तरी ठाऊक असेलच. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), मतलई वारा (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) हे शब्द शाळेच्या पुस्तकात येतात. तुमच्या भिंतीवरही ते असायला हवेत.

आणि बायकांना विचारा. जहाज, तोफ, आरमार यांतच रमल्यामुळे बहुतेक सागरी संग्रहालयं पुरुषांची होऊन बसतात. मासळी वाळवणं, खारवणं, डोक्यावरून बाजाराला नेणं, जाळी विणणं-सांधणं, आणि घरचा माणूस चार-चार महिने दर्यावर असताना घर चालवणं हा अर्धा इतिहास आहे. आमच्याकडे हे लक्षात यायला सहा वर्षं लागली. तोपर्यंत ज्यांना विचारायचं होतं त्यातल्या दोघी गेल्या होत्या. तसंच गावातल्या सगळ्या वाड्यांत जा. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दाल्दी, कोकणी मुसलमान असे सगळे या किनाऱ्यावर दर्यावर जगले. एकाच वाडीच्या घरातल्या वस्तू मांडल्या तर दुसरी वाडी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि त्यांचं बरोबर असेल.

आता वही. दोन वह्या हव्यात. एक आवक नोंदवही: वस्तू आत आली त्याच दिवशी, त्याच क्षणी नोंद. तारीख, कुणी दिली, ती त्यांच्याकडे कशी आली, ते तिला काय म्हणतात, किती लांब-रुंद, कुठे मोडली आहे, आणि दान आहे की काही दिवसांसाठी ठेवायला दिली आहे. दुसरी वही मुलाखतींची. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या: वर्ष, मग त्या वर्षातली कितवी आवक. उदाहरणार्थ २०२५.७ म्हणजे २०२५ सालची सातवी. एकाच घरातून पाच गोष्टी एकदम आल्या तर २०२५.७.१ ते २०२५.७.५. क्रमांक वस्तूवर लिहायचा असतो, चिकटवायचा नसतो. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांनी वस्तूत मुरतो आणि कागद गळून पडतो. लाकूड-धातूवर नजरेआड जागा शोधा, तिथे पॅरालॉइड बी-७२ चा (संग्रहालयांत वापरतात त्या पारदर्शक राळेचा) पातळ थर द्या, तो वाळला की वर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर. हा थर पुढे ॲसिटोनने काढता येतो. कागदावर आणि फोटोच्या मागे फक्त मऊ पेन्सिल.

दान देणाऱ्याची सही असलेलं एक पानी पत्र घ्या, त्यात 'कायमस्वरूपी दिले' हे शब्द असू द्या. सुरुवातीला हे फार परकं वाटतं. शेजारच्या काकांकडून सही कशी मागायची? पण काका गेल्यावर त्यांचा मुंबईचा पुतण्या येऊन "ते आमचं आहे" म्हणतो तेव्हा ते पत्र दोन्ही बाजूंची इज्जत राखतं. 'सांभाळायला ठेवलंय' या बोलीवर वस्तू घेऊ नका. घ्यावीच लागली तर परत न्यायची तारीख लिहून घ्या.

वस्तू टिकवण्याबद्दल मी थोडा लांबण लावणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते प्रेमापोटी होतं.

समुद्रातून किंवा खाडीच्या चिखलातून आलेली गोष्ट वाळू देऊ नका. पहिल्याच वर्षी खाडीच्या गाळातून आम्हाला एक जुनी वांक मिळाली, पूर्ण आकारात, कुऱ्हाडीच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. आम्ही तिघांनी ती धुतली आणि मोठ्या कौतुकाने उन्हात ठेवली. आठव्या दिवशी ती जागोजाग तडकली होती, पिळवटली होती, आणि कुऱ्हाडीच्या खुणा गेल्या होत्या. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या आतला गाभा झिजलेला असतो आणि त्याच्या पेशी पाण्याच्या आधाराने उभ्या असतात. पाणी गेलं की त्या कोसळतात. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली बुडालेलं वासा हे जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा फवारा तब्बल १७ वर्षं मारत होते. पाण्याची जागा त्या मेणासारख्या पदार्थाने भरून काढायची, असा तो उपाय. इंग्लंडच्या मेरी रोझचं असंच: १९८२ मध्ये वर आणलं, फवारे २०१३ मध्ये थांबले. हे आपल्या आवाक्यातलं नाही. आपल्या आवाक्यातलं एवढंच की तसं लाकूड मिळालं तर गोड्या पाण्यात, अंधारात, झाकून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, फोटो आणि मापं घ्यायची आणि पुरातत्त्वाच्या माणसांना कळवायचं. त्याहून उत्तम म्हणजे ते गाळातून काढायचंच नाही. गाळात ते सुरक्षित होतं.

तुमचा लोखंडी गोळा. आधी एक गोष्ट बघा: त्याला भोक किंवा बुचासारखं काही आहे का? असेल तर तो पोकळ असू शकतो आणि आत स्फोटक दारू असू शकते. पाण्यात राहिली म्हणून ती मेलीच असं समजू नका. हात लावू नका, ठोकू नका, पोलिसांना कळवा. भरीव असेल तर पुढचं वाचा. समुद्रातल्या लोखंडात मीठ खोल मुरलेलं असतं. हवेत वाळल्यावर ते मीठ आणि दमट हवा मिळून आतून गंज धरतो, आणि वर्षाभरात गोळ्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंट लावला तर पापुद्रे पेंटसकट सुटतात. त्याला प्लॅस्टिकच्या टबात, धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवा: एक लिटर पाण्याला साधारण २० ते ५० ग्रॅम सोडा. पत्र्याचा टब नको. झाकण ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी द्रावण बदला, हातमोजे घाला. मीठ हळूहळू बाहेर येतं. हळूहळू म्हणजे महिने, मोठ्या गोळ्याला वर्षं. तोवर टबच प्रदर्शनात ठेवा. शेजारी कारण लिहिलं की मुलं त्याच्यापुढेच सगळ्यात जास्त वेळ उभी राहतात, हा आमचा अनुभव आहे.

अंगणातला नांगर समुद्रातून ताजा आलेला नसेल, कित्येक वर्षं उन्हापावसात असेल, तर त्याला एवढं लागत नाही. सुटा गंज पितळी ब्रशने हलक्या हाताने काढा, पूर्ण वाळवा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात द्या, जमिनीपासून लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा. चकचकीत काळा रंग देऊ नका. गावोगावी शाळांपुढे आणि देवळांपुढे असे रंग फासलेले नांगर आणि तोफा दिसतात. ओतताना उठवलेली अक्षरं, वजनाचे आकडे, कारखान्याची खूण सगळं त्या थरांखाली बुजून जातं. तुमच्या नांगराच्या दांड्यावर काही कोरलंय का ते तिरप्या उजेडात, संध्याकाळी टॉर्च आडवा धरून बघा.

सुकाणूवर जुना पांढरट थर असेल तर तो खरवडू नका. तो बहुधा चुना आणि चरबीचा लेप आहे, लाकडाला किडा लागू नये म्हणून बुडाला देत असत. मुशीच्या (शार्कच्या) तेलाचा वास अजून येत असेल तर येऊ द्या. पॉलिश, वॉर्निश, फेविकॉल, यातलं काही नको. वाळवी लागली असेल तर ती वस्तू इतरांपासून लगेच वेगळी करा.

मोडक्या होडीबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. घेऊ नका. होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. फळ्यांवर टेकवली तर अंग वाकतं, आधार पठाणाखाली द्यावा लागतो. वर हवेशीर छप्पर लागतं, कारण ताडपत्री गच्च बांधली की आत घाम धरून ती जास्तच कुजते. हे सगळं दरवर्षी, कायम. विक्रांतचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा: १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या लाडक्या नौकेचं असं झालं. त्याऐवजी होडीची मापं घ्या. पठाणाची लांबी, ठरावीक अंतरावर रुंदी आणि खोली, फळ्यांची जाडी, खिळे कसे मारलेत, सांध्यात काय भरलंय. सगळ्या बाजूंनी फोटो, प्रत्येकात मोजपट्टी. जवळपास कुणी होडी बांधणारा सुतार असेल तर त्याला बरोबर न्या आणि तो काय बोलतो ते लिहा. मग नाळेचा एक तुकडा, एक वांक, एक वल्हं एवढं खोलीत आणा. तेवढ्यातून होडी समजते आणि तेवढं जपता येतं.

कागद आणि फोटो. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही येणार हे धरूनच चाला. लॅमिनेशन कधीही करू नका, ते उलटवता येत नाही. सेलोटेप नको, प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्या नकोत, डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. आम्लरहित कागदाची पाकिटं मिळतात, ती वापरा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. कसर लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ किंवा २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवलं की किडा मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर बाष्प कागदावर जमतं. मूळ फोटो घरी परत द्यायचे असतील तर चांगलं स्कॅन करून घ्या आणि मागच्या बाजूचंही स्कॅन करा. नावं, तारखा, स्टुडिओचा शिक्का मागेच असतो.

आता त्या आजोबांच्या फोटोंबद्दल, कारण इतिहास शोधायची तुमची सगळ्यात चांगली वाट तिथून जाते. त्या घरात सीडीसी, म्हणजे खलाश्याच्या नोकरीची नोंदवही, आहे का विचारा. जुने खलाशी तिला नल्ली म्हणत. त्यात जहाजाचं नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि हुद्दा असतो. बहुतेकदा ट्रंकेच्या तळाशी, विम्याच्या कागदांबरोबर सापडते. जहाजाच्या नावाबरोबर एखादा पाच-सहा आकडी क्रमांक दिसला तर तो जपून उतरवा. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांना १८५५ पासून असा अधिकृत क्रमांक मिळू लागला, आणि जहाज विकलं, नाव बदललं तरी तो बदलत नसे. एकाच नावाची चार-चार जहाजं सापडतात, क्रमांक मात्र एकाचाच. त्यावरून लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदीची जुनी पुस्तकं बघता येतात. ती १७६४ पासूनची आहेत आणि त्यांतली बरीच आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. जहाज कुठे बांधलं, किती टनाचं, मालक कोण, सगळं मिळतं.

१९१५ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांच्या याद्या स्वयंसेवकांनी हाताने उतरवून इंटरनेटवर शोधता येतील अशा केल्या आहेत, साडेसात लाखांहून जास्त नोंदी आहेत. त्यात आपल्याकडचे लस्कर, म्हणजे ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशीही आहेत. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असल्यामुळे गावाचं नाव पाच प्रकारे शोधावं लागतं. आमच्या एका कार्यकर्तीने चिकाटीने हे केलं आणि तिच्या पणजोबांचं नाव, वय आणि पगार तिला मिळाला. पडद्यावर ते नाव दिसलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाश्यांची स्मारकं मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. गावातून एकदा सगळे मिळून जाऊन या. यांतले बहुतेक समुद्रातच राहिले, त्यांना कबर नाही आणि समाधीही नाही. कोकणातल्या किती घरांना माहीत आहे की आपल्या माणसाची आठवण तिथे जपलेली आहे?

छापील साधनांत बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचे खंड आधी बघा: रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. प्रत्येकात बंदरांची यादी, आयात-निर्यात, कोणत्या जातीची गलबतं, किती वाहतूक हे आहे. तुमची खाडी तेव्हा किती आतपर्यंत चालत होती ते वाचून आजच्या गाळाकडे बघा. पेशवाईतल्या आरमाराचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, ते मोडीत आहेत. गटातल्या एखाद्या तरुणाला मोडी शिकायला बसवा. गावातल्या वखारवाल्यांच्या, नाखव्यांच्या घरात मोडीतल्या हिशोबवह्या असतात आणि त्या रद्दीत जातात. त्यात मंगळुरी कौलं, भात, मीठ, नारळ यांचं भाडं दिसतं. गावाचा सागरी इतिहास म्हणजे मुख्यतः हेच भाडं आणि ही वाहतूक.

सगळ्यांना आरमाराचं आकर्षण असतं हे मला समजतं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, या तारखा भिंतीवर असाव्यातच. पण ते किल्ल्यावरही वाचायला मिळतं. तुमच्या गावातल्या कुणी रामदास बोट पकडली होती का? १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग-उरणकडच्या कितीतरी घरांत त्या दिवसाची एक गोष्ट आहे, आणि ती दरवेळी एका माणसाची असते: कोण जाणार होता आणि राहिला, कोण ऐन वेळी चढला. अशा गोष्टी ऐकताना घाई करू नका आणि पडताळल्याशिवाय भिंतीवर लावू नका. एकाच घटनेच्या दोन घरांतल्या दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही लिहा, कुणाची कोणती ते लिहा.

आगबोटीच्या दिवसांबद्दल वेगळं विचारा. बोट बाहेर नांगरायची आणि उतारू पडावातून (लहान होडीतून) किनाऱ्याला यायचे. पावसाळ्यात सेवा बंद. पडाव कोण चालवत असे, भाडं किती, लाटेत म्हातारी माणसं कशी उतरवत, सामान भिजलं तर कोण भरून देई? तिकीट, शिट्टी, ट्रंकेवर रंगवलेलं नाव, यातलं काहीही मिळालं तर घ्या. मुंबईच्या गिरणीत गेलेला कोकणी माणूस याच वाटेने गेला.

घमेंड म्हणून नाही, पण मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. मुंबईच्या गोदीत वाडिया मिस्त्रींनी मलबारी सागात बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याचे नकाशे विलायतेहून ज्या जहाजावर पाठवले ते जावा नावाचं जहाज १८१२ मध्ये अमेरिकन नौकेने लढाईत हरवलं, नकाशे गेले, पुन्हा पाठवावे लागले. दोनशे वर्षांपूर्वीचा साग अजून पाणी धरून आहे. आपल्याकडच्या सुतारांचं काम किती पक्कं होतं हे सांगायला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. सात माणसं असली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही होते, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. तुम्ही सात-आठ आहातच, पण नोंदणीसाठी थांबू नका, वही आजच सुरू होते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येतात, हस्तलिखितांना ही मुदत ७५ वर्षांची आहे. बाळगता येतात, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, किंमत दहा रुपयांहून जास्त असली की झालं. बुडालेल्या जहाजाचं काही जाळ्यात आलं तर पोलीस ठाण्याला आणि बंदर अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. हे लपवून ठेवणारी संग्रहालयं पुढे अडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे वस्तू कुठे सापडली हेच कायमचं हरवतं. मासेमारी करणाऱ्याला फक्त एवढी विनंती करा की जाळ्यात काही आलं तर जीपीएसचा आकडा लिहून ठेव. तो आता बऱ्याच बोटींत असतो.

रोजच्या कामाचं. आठवड्यातून एकच दिवस उघडा, पण तो चुकवू नका. दर बुधवार-शनिवार असं ठरवून तीन आठवड्यांत कुलूप दिसलं की गाव पुन्हा येत नाही. किल्ल्या दोघांकडे, वहीची दुसरी प्रत तिसऱ्याच्या घरी. दर वर्षी मे महिन्यात सगळ्या वस्तू वहीशी पडताळा, पावसाळ्यात दर आठवड्याला कपाटं उघडून वास घ्या. बुरशी दिसायच्या आधी वासाला येते.

तुमच्याकडे सध्या नांगर, सुकाणू, फोटो आणि गोळा एवढं आहे. त्यांना क्रमांक द्यायला एक संध्याकाळ पुरते. मग ते सुकाणू गावातल्या सगळ्यात वयस्क खलाश्याच्या घरी घेऊन जा, त्यांना खोलीत बोलावू नका, तुम्ही जा. ते कोणत्या फतेमारीचं आहे असं विचारू नका, ते उजव्या हाताने धरायचे की डाव्या, असं विचारा.